चौथी फुंकर

तपासणीच्या खोलीतल्या बाईंनी त्याच्या नाकाला चिमटा लावला आणि पुठ्ठ्याची नळी हातात दिली. छाती भरून श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची, मग एका दमात सगळी हवा बाहेर. मध्ये थांबायचं नाही.

धाकट्याने मान डोलावली. यातलं काय करायचं नाही, ते त्याने आधीच ठरवलं होतं.

स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसांचा दम मोजणं, ही शेवटची तपासणी. रक्त जुळलं होतं, बाकी सगळं ठीक निघालं होतं. फुप्फुसं चांगली आहेत एवढं कळलं, की दादाला किडनी द्यायची तारीख ठरणार होती. दम कमी निघाला तर भूल देणारे डॉक्टर नकार देतात, असं त्याने वॉर्डात कुणाकडून तरी ऐकलं होतं. ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

तोंडावर नाही म्हणणं त्याला जमणारं नव्हतं. आई-वडील गेल्यावर दादाने स्वतःची शाळा सोडून त्याला वाढवलं. सुतारकामाचं दुकान त्यानेच थाटून दिलं. पण पोट कापून घ्यायच्या नुसत्या विचाराने धाकट्याला दरदरून घाम फुटे. आज जिना चढताना तर पायच उचलेनात. मधल्या वळणावर तो उगाच बुटाची नाडी बांधत बसला. दादा वर पोचून कठड्याला टेकला होता. "पेशंट मी आहे ना रे?" म्हणून हसला. वहिनी हसली नाही.

धाकट्याने फुंकलं. थोडी हवा आत राखली.

पडद्यावर एक रेघ चढली आणि उतरली. तिच्या बरीच वर एक तुटक रेघ होती. ती तुमच्या वयाच्या, तुमच्या उंचीच्या निरोगी माणसाची, असं बाईंनी सांगितलं.

"पुन्हा."

दुसऱ्यांदा त्याने अंदाजाने तेवढीच हवा राखली. तिसऱ्यांदाही. रेघ दर वेळी तिथेच आली. लबाडीतही माप सुताराचं, असं त्याच्या मनात येऊन गेलं आणि लगेच त्याला स्वतःची किळस आली.

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्याच्याकडे. सिगारेट ओढता का, म्हणून विचारलं. कधीच नाही, तो म्हणाला. त्यांनी तेच पुन्हा विचारलं, तेव्हा चोरी पकडली गेल्यासारखे त्याचे कान तापले.

दार नीट लागलेलं नव्हतं. बाहेर वहिनी विचारत होती, एवढा वेळ का लागतोय. दादाचा आवाज आला, "त्याला घाई नको करूस. कुणी बघत असलं की बुजतो तो. पण हातात घेतलेलं अर्धं सोडत नाही कधी."

धाकटा नळीकडे बघत बसला.

"बाई, हे तिन्ही पुसून टाका," तो हळूच म्हणाला. "खोटं आहे. मी मुद्दाम कमी फुंकलं."

बाईंचा हात थांबला. "मुद्दाम?"

"बाहेर बसलाय ना, त्याने मला लहानाचं मोठं केलं. आणि मी त्याच्यापासून हवा चोरतोय. आता खरं फुंकतो."

बाईंनी नवी नळी बसवली. चिमटा नीट केला. "सगळा जोर लावा," त्या म्हणाल्या. आवाज एकदम मऊ झाला होता.

त्याने बरगड्या ताणेपर्यंत श्वास घेतला आणि फुंकला. काही म्हणता काही मागे ठेवलं नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी तो फुंकत राहिला. अखेर आत काहीच उरलं नाही, तेव्हा त्याने नळी सोडली आणि खुर्चीची पाठ धरली. किती दिवसांनी त्याला हलकं वाटत होतं. आता दादाच्या डोळ्याला डोळा भिडवता येणार होता.

धापा टाकत, हसऱ्या तोंडाने त्याने पडद्याकडे पाहिलं. चौथी रेघ आधीच्या तिन्हींवर तंतोतंत बसली होती. निरोगी माणसाची तुटक रेघ अजून तेवढीच वर होती; राखायला जास्तीची हवा आत कधी नव्हतीच.