मोजमाप

धर्मराजनं पुण्याच्या एका पाहुण्याला त्याची आतच राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी आपल्या बांधाला लावू दिली. सकाळी बघतो तर पाहुणा टेप धरून उभा! धर्मराज लगबगीनं त्याच्याजवळ गेला.

"काय मोजून राह्यले, साहेब?"

"गाडीतून ही खोली बाहेर सरकते ना, ती दोन्हीकडून सारखी हवी. नाहीतर आत घेताना अडकते."

"कल्याणनं धाडलं न्हाई ना तुम्हाला?"

"कोण कल्याण?"

"माझा भाऊ. पल्याडचं रान त्याचं."

"नाही हो, मी ओळखतही नाही."

एवढा साळसूदपणा धर्मराजला काही पटला नाही. पाहुण्यानं रुळांना ग्रीस लावलं, खोली आत घेतली आणि तो भोकरदनकडं निघून गेला.

गाडी दिसेनाशी होताच धर्मराजनं पहार आणली आणि भावाच्या रानात दोन हात सरकवलेला बांधाचा दगड उपटून पहिल्या जागी रोवला.