तगरीची माहेरवाशीण

"आई, बाजूला हो."

औषधाचा पंप घेऊन शिरीष गच्चीत आला, तशा मनोरमाबाई तगरीच्या कुंडीला पाठ लावून उभ्या राहिल्या. खोटे निळे डोळे मिरवणाऱ्या हिरव्या अळीने झाडाचा पाला फस्त केला होता.

"देवाला फुलं कुठून आणशील?"

"देव थांबेल. हिची भूक नाही थांबायची."

पुढे अळी तपकिरी पडली आणि कुंडीतल्या पाचोळ्यात शिरली.

"मेली एकदाची," शिरीष म्हणाला.

"कोषात चाललीये. कुंडीला हात लावायचा नाही."

देवांनी अक्षतांवर भागवलं.

एका सकाळी बोडक्या फांदीवर शिरीषला हिरवं काही दिसलं. "पालवी फुटली वाटतं," म्हणत त्याने बोट लावलं, तर पालवी पंख पसरून उडाली. पतंग होता तो.

"आता परत इथेच अंडी घालणार."

"घालू दे," मनोरमाबाई म्हणाल्या. "बाळंतपण मी करीन."