निवृत्तीची तारीख

"निवृत्तीची तारीख?" कारकुनाने तिसऱ्यांदा विचारलं.

भोवरा काचेपलीकडच्या त्या चेहऱ्याकडे बघत राहिला. प्रश्न त्याला ऐकू आला होता, कळलाही होता. चष्मा कपाळावर असताना माणूस घरभर शोधत फिरतो, तसं त्याचं झालं होतं. उत्तर इथेच कुठेतरी असणार, पण हाती लागत नव्हतं.

भोवरा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. डावखुरा फिरकी गोलंदाज, देशाकडून सोळा कसोटी, त्रेपन्न बळी. चेंडू टप्पा पडल्यावर असा गरकन वळायचा की पहिल्याच दौऱ्यात सोबतच्यांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. आज सहासष्टाव्या वर्षी तो क्रिकेट मंडळाच्या कचेरीत, खिडकीसमोरच्या स्टुलावर बसला होता. डावा हात मांडीवर जपून ठेवलेला. तो खांद्याच्या वर जायचा बंद होऊन वर्ष झालं होतं.

"अहो, सांगा ना काहीतरी," शेजारून बायको म्हणाली. "सोमवारी ऑपरेशन आहे. माजी खेळाडूचं कार्ड नसेल तर मंडळाच्या दवाखान्यात दारातसुद्धा उभं करायचे नाहीत."

"शेवटच्या कसोटीचा पाचवा दिवस लिहा."

"ते वरच्या रकान्यात आलं, सर. इथे निवृत्ती हवी. तुम्ही पत्र दिलं असेल ना मंडळाला?"

"कसलं पत्र? मी निवृत्त झालोच नाही."

कारकुनाने चष्मा खाली घेतला. "म्हणजे काढलं तुम्हाला?"

"छे! काढलं कुठे?" भोवऱ्याने बायकोकडे पाहिलं, जणू तिने साक्ष द्यावी. "कॅप्टन म्हणाला, या वेळी खांद्याला जरा आराम दे. निवड समितीचे अध्यक्ष जिन्यात भेटले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, तू आमच्या डोक्यात आहेस."

"कधीची गोष्ट?"

"एकतीस वर्षं झाली."

कारकून हसला नाही. उठून त्याने कपाटातली फाईल आणली आणि शेवटचा कागद काढून काचेखालून सरकवला. मंडळाचंच पत्र होतं. दौऱ्यासाठी राखीव खेळाडू म्हणून तयार राहावे, पुढील सूचना मिळेपर्यंत शहर सोडू नये. खाली सही, शिक्का.

"यानंतर फाईलमध्ये काही नाही," कारकून म्हणाला आणि संगणकाचा पडदा त्याने भोवऱ्याकडे वळवला. वर जुना फोटो, काळेभोर केस. त्याखाली लिहिलं होतं: स्थिती – उपलब्ध.

भोवऱ्याला आधी हसू आलं. मग का कोण जाणे, त्याने डाव्या हाताची बोटं पँटवर पुसली.

"असं बघा, सर," कारकून समजुतीने बोलू लागला. "मी तीस जूनला सुटतोय. चारला चहा, साडेचारला भाषणं. कोण किती पिळणार तेही मला ठाऊक आहे. तुमचा असा एखादा दिवस असेलच की. कुठलाही सांगा. मशीनला तारीख हवी, बाकी तिला काही घेणंदेणं नाही."

कुठलाही. भोवरा मनाशी दिवस चाचपू लागला. यादीत पहिल्यांदा नाव आलं नाही तो? पण तेव्हा तर पुढच्या यादीची वाट पाहायची होती. बँकेत नोकरीला लागला तो? पण रजेचा अर्ज त्याने पहिल्याच दिवशी लिहून खणात ठेवला होता, फक्त तारीख घालायची बाकी होती. किटबॅग माळ्यावर टाकली तो? पण ती पाहुणे आले म्हणून टाकली होती, झोपायला जागा नव्हती. एकेक दिवस हातात घ्यावा आणि तो निसटून जावा. मागे रांगेत कुणीतरी खाकरलं.

"उद्या येतो मी," तो उठत म्हणाला. "नीट आठवून येतो."

"बसा हो," बायको म्हणाली. मग ती काचेकडे वाकली. "लिहा. नऊ ऑगस्ट." आणि तिने साल सांगितलं. शेवटच्या कसोटीनंतरचं नववं साल.

कारकुनाने आकडे दाबले. मशीनने बिनतक्रार घेतले. आत कुठेतरी कार्ड छापलं जाऊ लागलं.

भोवरा बायकोकडे बघतच राहिला. "नऊ ऑगस्टला काय झालं होतं?"

"काही नाही."

"मग तुझ्या लक्षात कशी तारीख?"

"कॅलेंडरवर खूण केली होती मी." ती पर्सची चेन उघडत होती, त्याच्याकडे बघत नव्हती. "मॅच चालू होती. तो नवा डावखुरा पोरगा बोलिंग टाकत होता, तुमच्या जागेवरचा. नऊ वर्षं तुम्ही एकेक चेंडू टीव्हीच्या पुढ्यात बसून बघायचात, हात असा गुडघ्यावर वळवत. हाक मारली तरी ओ द्यायचा नाहीत. त्या दिवशी ओव्हर अर्ध्यावर आली आणि तुम्ही उठून स्वयंपाकघरात आलात. मला म्हणालात, आमटीचा वास छान सुटलाय, वाढतेस का?"

"मी?"

"तुम्हीच. दोनदा वाढून घेतलीत."

त्याने आठवून पाहिलं. आमटी आठवली नाही, तो पोरगाही आठवला नाही. काचेखालून कार्ड आलं. अजून गरम होतं. बायकोने ते पुसून पर्समध्ये टाकलं आणि ती दाराकडे निघाली.

"ऐक," तो मागून म्हणाला. "ओव्हर अर्धी राहिली होती ना? मग उरलेले तीन चेंडू?"

ती थांबली.

"ते मी बघितले," ती म्हणाली.