बॅटरी काढल्यावर

बाबा गेल्यावर त्यांचा जुना लॅपटॉप चालूच होईना. त्यांचं शेवटचं लिखाण त्यात होतं आणि आईला ते वाचायचं होतं. तीन दुकानांनी हात टेकले, तेव्हा मी आणि आई एका दुरुस्तीवाल्या काकांकडे आलो.

काकांचं काम नुसतं बघत राहावं असं होतं. त्यांनी चार्जर तपासला. तो ठीक होता. मग फुगलेली बॅटरी अलगद काढून बाजूला ठेवली. मेमरीची पट्टी खोडरबराने पुसली. चार्जिंगची सुटलेली पिन सोल्डर करून पक्की बसवली.

"बघू या आता," म्हणत त्यांनी बटण दाबलं.

पंखा फिरला, स्क्रीन उजळला आणि बाबांचं लिखाण समोर आलं.

"काका, तुमच्या हाताला तोड नाही," मी म्हणाले.

काका चार्जरकडे पाहत होते. त्याची वायर गुंडाळलेलीच होती. बॅटरीही बाजूलाच पडलेली; लॅपटॉपला काहीच जोडलेलं नव्हतं.

"ताई, हे माझ्या हाताचं काम नाही," ते हळूच म्हणाले. "चालू आहे तोवर वाचून घ्या. मी आता हात लावत नाही."

आई चष्मा लावून, ओठ हलवत, सावकाश वाचू लागली. पान संपलं. मी हात पुढे करायच्या आतच पुढचं पान आलं. तेही संपलं, तसं त्याच्या पुढचं.

काकांनी आपली खुर्ची लांब सरकवली.

"अहो, जरा मागे घ्या," आई स्क्रीनवरून नजर न काढता, बाबांना म्हणायची तसं अगदी सहज म्हणाली.

पान मागे आलं.