दार लावून दहा मिनिटं

कडी वाजली. दोनदा, हलकीच.

आईने इस्त्री उभी करून ठेवली आणि आधी ठकीची बाही मनगटापर्यंत खाली ओढली.

"काय सांगितलंय?"

"हाताचं काही बोलायचं नाही."

"बोललीस तर?"

"मला घेऊन जातील."

"शहाणं गं माझं बाळ ते."

मग तिने दार उघडलं. पाहणीच्या बाई आत येतात न येतात तोच "ताईऽऽ" म्हणत ठकी त्यांच्या कमरेला बिलगली. दिवसभर घरातच असणाऱ्या आईला असं कोण बिलगणार! तिने इस्त्री परत उचलली. शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता आणि संध्याकाळी दुकानदार न्यायला येणार होता.

तीन महिने दर मंगळवारी हेच चाललं होतं. खेळता खेळता ठकीचं कोपर तापलेल्या इस्त्रीला लागलं, तेव्हा आई तिला उचलून दवाखान्यात धावली होती. नर्सने मलम लावलं, पट्टी बांधली आणि 'या घरी पोरीकडे लक्ष आहे का ते पाहा' असा कागद वर सरकारी कचेरीत पाठवून दिला. तीच नर्स, जिने तान्ह्या ठकीला छातीशी कसं धरायचं ते आईला शिकवलं होतं.

त्यानंतर आई दवाखान्याची पायरी चढली नाही. बालवाडीच्या बाईंनी सहज "घरी सगळं ठीक ना?" म्हटलं, तर ही फाडकन म्हणाली, "का? तुम्हालाही काही लिहून पाठवायचंय?" आणि चार दिवसांपूर्वी, ती दारात दुकानदाराशी बोलत असताना ठकीचं मनगट इस्त्रीवर भाजलं, तेव्हा तिने ते नळाखाली धरलं, मऊ फडकं गुंडाळलं आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. मागच्याच मंगळवारी बाई ठकीसमोर म्हणाल्या होत्या, पुढची फेरी बहुतेक शेवटची. आता कुठे सुटका दिसत होती.

बाईंनी फ्रिज उघडून पाहिला, अंथरुणं पाहिली, खिडकीचे गज हलवून पाहिले. मग नियमाप्रमाणे दहा मिनिटं मुलीशी एकटीशी, दार लावून.

दाराआडून खिदळणं ऐकू आलं.

"ताई, बेडूक व्हा ना! फुगलेला!"

आणि सरकारी बाई खरंच डराव-डराव करू लागल्या.

हिला बेडूक व्हायचा पगार मिळतो, आई मनात म्हणाली. मला देईना का कुणी, मी हत्ती होईन. एकाच कॉलरवरून तिने तीनदा इस्त्री फिरवली. आपल्यासमोर पोर इतकं मोकळं शेवटचं कधी हसलं, ते तिला आठवेना.

दार उघडलं. तिची नजर आधी बाहीवर गेली. बाही जागच्या जागी होती.

"इथे सही करा," बाई म्हणाल्या. "फाइल बंद. आता येत नाही मी. कंटाळला असाल मला."

"छे हो! घरातल्यासारख्याच झाला होतात. फ्रिजसुद्धा न विचारता उघडायचात."

बाई हसल्या. "गोड आहे तुमची लेक. सारखं आपलं आई अशी, आई तशी."

सगळ्याच घरी असं सांगत असणार, आईने मनाशी म्हटलं आणि सही केली.

बाई गेल्यावर तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. गणवेश राहिले तर राहिले. ती जमिनीवर बसली, हात पसरले.

"ये गं. आता आपण दोघीच. मी होऊ बेडूक?"

ठकी खिडकीशी उभी होती. "ताई मंगळवारी येतील ना?"

"नाही राणी. आता कधीच नाही."

ठकी खिडकीपासून वळली.

"पण मी तर मुद्दाम इस्त्रीला हात लावला होता. ताई येत राहाव्यात म्हणून. तू बोलू नको म्हणालीस, म्हणून मी दाखवलाच नाही." तिने बाही वर सरकवली, मनगटाकडे पाहिलं आणि मग आईकडे. "आई, आता परत लावावा लागेल का?"