अर्ध्या दराचं पोट

वाल्दोमीरोनं बायकोपुढची लाल चकती पुन्हा उलटून हिरवी केली. लगेच सळईवाला आला आणि बरगडीचा जाड तुकडा तिच्या ताटात उतरवून गेला. चुरास्कारियात, म्हणजे ब्राझीलमधल्या मांसाच्या खानावळीत, सळईवर भाजलेलं मांस घेऊन फिरणारे हे लोक माणसाकडे बघत नाहीत, चकतीकडे बघतात. हिरवी असली की वाढायचं, लाल असली की पुढं जायचं. तोंडी मागण्याला तिथं किंमत नाही.

निल्सेयानं तुकड्याकडे पाहिलंही नाही. ती कोंबडीची एक चिंधी चावत होती. पोट कापून लहान केल्यापासून घासाचं पाणी झाल्याशिवाय गिळायचं नाही, असा डॉक्टरांचा दंडक होता. नवऱ्याचा काटा सवयीनं तिच्या ताटात आला, तुकडा घेऊन गेला आणि थोड्या वेळानं हाड परत ठेवून गेला.

हिशेबात वाल्दोमीरो पक्का होता. गोयानियात आता गल्लोगल्ली कुणी ना कुणी पोट लहान करून आलेलं. पूर्वी पाहुण्यांना लग्नाचे फोटो दाखवत, आता ‘आधी’ आणि ‘नंतर’चे दाखवतात. हॉटेलंही अशांना ऑपरेशनचं कार्ड बघून अर्ध्या दरात जेवू घालतात. म्हणजे बायकोचे पैसे अर्धे, ताटं दोन, आणि दोन्ही ताटांना पोट एकच. त्याचा एकही रविवार चुकत नसे. आज तर तिचा वाढदिवस. तिला तळ्याभोवती चक्कर मारायची होती. गुडघे न कुरकुरता कुठवर जाता येतं, ते बघायचं होतं. ते जेवणानंतर बघू, असं ठरलं होतं. कुणी ठरवलं, ते सांगायला नको.

समोर बसलेल्या जेनिवाल्दोनं, तिच्या दिरानं, विचारलं की एवढंसं खाऊन वहिनी जगते कशी.

“हवेवर,” वाल्दोमीरो म्हणाला, “आणि माझ्या खर्चावर.”

दोघं हसले. मागच्या वर्षी हेच दोघं तिच्यासाठी दोन खुर्च्या मागवायचे आणि असेच हसायचे.

तेवढ्यात मॅनेजर आला. तिच्या हाडांनी भरलेल्या ताटाकडे आणि शेजारी ठेवलेल्या कार्डाकडे त्यानं आळीपाळीनं पाहिलं. हल्ली लोक बहिणीचं, मेव्हणीचं कार्ड घेऊन येतात, तेव्हा राग मानू नका, असं तो म्हणाला. आवाज मऊ होता, पण आजूबाजूला ऐकू जाईल इतपत.

“ऑपरेशन तुमचंच झालंय ना, बाई?”

निल्सेया चावत होती. शेजारच्या टेबलांवरचे काटे थांबले.

वाल्दोमीरो चुळबुळला. ‘हाडं माझी आहेत’ एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण ते वाक्य त्याला अर्ध्या जेवणाला पडलं असतं. त्यानं ओठांवरची चरबी पुसली.

“अगं, ब्लाउज वर कर जरा. टाके दाखव यांना, म्हणजे मिटेल.”

जेनिवाल्दोनं ताटात मान घातली. नको, नको, तसं काही नको, असं म्हणत मॅनेजर मागं सरकला.

“लाजतेस कसली? आता दाखवण्यासारखं झालंय की पोट.”

तिचा जबडा हलत राहिला. घासाचं केव्हाच पाणी झालं होतं. ती दुसरंच काहीतरी चावत होती. मग तिनं गिळलं.

“ऑपरेशन माझंच,” ती मॅनेजरला म्हणाली. “पण या ताटातून जेवलाय हा. माझं कार्ड बाजूला ठेवा आणि याला दोन पूर्ण जेवणं लावा.”

तिनं हाडांचं ताट नवऱ्यापुढं सरकवलं. आधी आपली चकती उलटली, मग त्याची, आणि त्याच्या चकतीवर तळवा दाबून ठेवला. समोर जेनिवाल्दोनं कुणी न सांगता स्वतःची उलटली.

सळईवाला येत होता. सळईवर वाल्दोमीरोच्या आवडीचं पिकान्या होतं, चरबीची कड अजून चुरचुरत होती. “इकडे, इकडे दे,” म्हणत वाल्दोमीरोनं ताट उचलून धरलं.

सळईवाल्यानं खाली पाहिलं. तिच्या बोटांच्या फटींतून लाल रंग दिसत होता. तो पुढच्या टेबलाकडे वळला.