दारावरचा नंबर

“हा नंबर घास आधी,” पंडितभाऊ म्हणला. “बाकीचं राहू दे. लई फोन यायलेत बे.”

मतीन आपल्या गाड्या रंगवायच्या दुकानात व्हॅनच्या बॉनेटवर पॉलिश पेपर मारत होता, पाण्यात बुडवून बुडवून. त्याला वाटलं आपण नीट ऐकलं न्हाई. जुन्या रंगाचं पांढरं पाणी कोपरापर्यंत ओघळलेलं, तसाच उठला आन् दाराकडं बघत राहिला. दारावर अजून सगळं जागच्या जागी होतं. वर लाल अक्षरात ‘गावाची गाडी’, खाली ‘अडल्यानडल्यासाठी’, आन् त्याच्याखाली हा एवढा मोठा फोन नंबर. म्हाताऱ्या माणसालाबी लांबून दिसावा म्हणून मतीननंच तो मोठा काढलेला. सगळ्या गावानं वर्गणी करून घेतलेली गाडी, दवाखान्यात न्यायला. उभी राहायची पंडितभाऊच्या दारात, फोनबी त्याच्याच खिशात वाजायचा.

“भाऊ, फोन तर येणारच की. गाडीच तशी हाय.”

“हाय न्हाई, होती. आता माझ्या धाब्याचं सामान आणायला लागतीय मला. मस्त चॉकलेटी कर. आन् दारावर धाब्याचं नाव टाक, ठळक.”

“गावाला इचारलं का?”

पंडितभाऊ हसला. हसत हसत त्यानं मान वर केली आन् दुकानाच्या छपरावर नजर फिरवली. छप्पर त्याचं, खालची जागाबी त्याचीच. “मी तुला कधी इचारलं का रे, अजून किती दिवस बसणार इथं म्हणून?”

झालं! मतीन खाली बसला. पेपर पाण्यात बुडवला, नंबराच्या पहिल्या आकड्यावर ठेवला आन् घासायला लागला. पण हात काय चालंना. दाढंखाली खडा आल्यावानी चेहरा झाला त्याचा.

दुकानाच्या तोंडाशीच त्याच्या अम्मीचा, फरीदाचा, सीताफळाचा गाडा. तिनं सगळं ऐकलेलं.

“मतीन, काहून घासायलास ते?”

“भाऊ म्हणतेत.”

“भाऊनं काय दिलतं रे गाडीला? मी पायातल्या तोरड्या काढून दिल्या. त्या बंकटनं मेंढरं इकली. ह्यानं काय दिलं, इचार की. नारळ फोडला ह्यानं!”

“चाची, तुमी सीताफळं इका,” पंडितभाऊ म्हणला. आन् न इचारता गाड्यावरचं एक उचललं, चांगलं डोळे उघडलेलं, हातानंच फोडलं. “गोड हायेत का?”

“तुला किडकंच निघो.”

तेवढ्यात फोन वाजला. पंडितभाऊनं अंगठ्यानं कट केला. परत वाजला, परत कट. “बघितलं? दिवसभर हेच.” फोन त्यानं बॉनेटवर ठेवून दिला आन् दोन्ही हातांनी सीताफळ खायला बसला. बिया थुंकायला लागला, ते बी कुठं, मतीननं आत्ताच घासून साफ केलेल्या पत्र्याच्या बाजूला.

फोन तिसऱ्यांदा वाजला.

“मतीन, माझे हात चिकट झालेत. काट रे तेवढा.”

मतीननं फोन उचलला. बोट ओलं, स्क्रीनवर नुसतं घसरायलं. त्यानं बोट पँटीला पुसलं. पंडितभाऊ तोंडातली बी घोळवत वाट बघत होता. गाड्यामागून अम्मी बघत होती. मतीननं बोट लाल बटणापर्यंत नेलं आन् हिरवं दाबलं.

“भाऊ! भाऊ, गाडी धाडा वो!” आवाज बंकटचा, फोनातून फाटून बाहेर येत होता. “कवापासून लावायलोय, कट व्हायलाय! माझ्या मायला पान लागलंय, उसात, पायाला!”

पान लागलं म्हणजे साप चावला. जनावराचं नाव कुणी तोंडानं घेत न्हाई.

“सांग त्याला, गाडी कामाला हाय,” पंडितभाऊ हळूच म्हणला. “दुसरं बघ म्हणावं.”

मतीननं त्याच्याकडं बघितलं. गालाला सीताफळाचा गर चिकटलेला, हात पुढं धरलेले, कुठं पुसावेत कळंना झालेलं. आन् मतीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“बंकटनाना, पाय हलवू देऊ नका. चालवू नका तिला अजिबात. कुठं यायचं?”

“वस्तीवरच, पोरा! हिरीजवळ!”

“निघालोच.”

फोन पंडितभाऊच्या चिकट हातात दिला. काचेवर रंग उडू नये म्हणून चिकटवलेले पेपर दोन हातांनी टराटरा फाडले. चावी गाडीलाच होती.

“ए! अरे दिवे काढलेत गाडीचे! बंपर न्हाई, अर्धा पत्रा उघडाय! लोक काय म्हणतील?” पंडितभाऊ गाडीच्या आडवा आला. “मतीन, गाडी हलली तर उद्या दुकान खाली करायचं. सांगून ठेवतो!”

मतीननं चावी फिरवली. इंजिन खोकललं, मग धरलं.

फरीदानं गाड्यावरचं गोणपाट ओढून काढलं, सीताफळं सगळीकडं गडगडत गेली. मागचं दार उघडून तिनं गोणपाट आत अंथरलं, दार आपटलं आन् पंडितभाऊच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

“आजच करते खाली,” ती म्हणली. “तू आधी बाजूला हो.”